ऑर्किड निर्धोक, पण कुंडीचं काय?

प्रश्न : आमच्या लॅब्रॅडॉरनं फॅलेनॉप्सिस ऑर्किडची दोन पानं खाल्ली. विषबाधा होईल का?

नाही. फॅलेनॉप्सिस कुत्र्यांसाठी विषारी नाही. डेंड्रोबियम, कॅटलिया, ऑन्सिडियम या घरात नेहमी दिसणाऱ्या ऑर्किडांचंही तेच. तरीही इतका पाला एकदम पोटात गेला की एखादी उलटी किंवा पातळ शौच होऊ शकते. पाणी समोर ठेवा आणि दिवसभर लक्ष ठेवा. उलट्या थांबेनात, कुत्रा मरगळला किंवा खाणं सोडलं, तर पशुवैद्यांकडे न्या. एक मात्र करू नका : मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय. मीठ जास्त झालं तर जिवावर बेततं, आणि इथं त्याची गरजही नाही.

प्रश्न : आमचं पिल्लू पानांना तोंड लावत नाही, कुंडी मात्र उकरतं. चालेल ना?

मला खरी काळजी याचीच वाटते. ऑर्किड मातीत नसतं; ते झाडाची साल, कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि मॉस यांत लावलेलं असतं. हे पचत नाही. पिल्लानं बरंच गिळलं तर आतड्यात अडकू शकतं. वारंवार उलट्या, शौच बंद, पोटाला हात लावू न देणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी उद्यापर्यंत थांबू नका.

दुसरी गोष्ट औषधांची. गोगलगायी मारायला टाकतात त्या गोळ्यांत मेटाल्डिहाइड हे विष असेल, तर काही तासांतच कुत्र्याला कंप सुटतो, झटके येतात. या गोळ्या कुत्र्यांना खायला आवडतात, हे आणखी वाईट. कुत्रा असलेल्या घरात त्या आणूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. हाडांच्या चुऱ्याचं खतही वासानं कुत्र्याला कुंडीकडे ओढतं. खत घातलेलं पाणी कुंडीखालच्या ताटलीत साचू देऊ नका, कुत्रा ते चाटतो. काहीही गिळल्याची शंका आली तर डबा किंवा पाकीट सोबत घेऊनच पशुवैद्यांकडे जा. उपचार आतल्या घटकावर ठरतो.

प्रश्न : ‘पीकॉक ऑर्किड’ नावाचे कंद मिळाले. तेही सुरक्षित ना?

नाही. ते ऑर्किड नव्हे, ग्लॅडिओलसचा प्रकार आहे. ग्लॅडिओलस कुत्र्यांना बाधतो आणि त्याचा कंद सर्वांत जास्त. लाळ, उलट्या, जुलाब होतात. लावायचेच असतील तर कुत्र्याला उकरता येणार नाही अशा जागी लावा.

प्रश्न : भेट आलेल्या कुंडीत ऑर्किडच्या बुडाशी मनीप्लांट आणि आयव्ही आहे. ठेवावी का?

ऑर्किड ठेवा, बाकीची दोन्ही काढा. मनीप्लांटच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावताच तोंडाची आग होते, लाळ गळते. आयव्हीची पानंही पोट बिघडवतात. कुंडीत फुलदांड्याला आधार म्हणून काडी आणि क्लिपा असतील, त्याही तपासा. चघळताना काडीचा तुकडा घशात रुतू शकतो.

प्रश्न : कुत्रा जवळ येऊ नये म्हणून तिखट फवारलं तर?

नको. डोळ्यांत गेलं तर त्याचे हाल होतील. ऑर्किड टांगून वाढवता येतं. कुत्र्याच्या उडीच्या वर टांगा.