वाचक विचारतात : माउसनं फाइली ओढत बसायचं की कमांडनं हलवायच्या?

या खेपेला तीन पत्रं घेतलीत आणि तिन्ही फाइलींच्या पसाऱ्याबद्दल आहेत. कमांडची नावं इथं उच्चाराप्रमाणे छापलीत, कॉम्प्युटरवर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची, हे आधीच सांगतो नाहीतर परत फोन येणार.

प्रश्न : खानापुरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे ओ. दिवसभर उतारा, आधार, राशन कार्ड स्कॅन करूलालोय, चंदगडकडची लोकं आली की त्यांचा सातबारा, व्हॉट्सअॅपवरून आलेलं वेगळंच, आणि सगळं डाउनलोड्समध्ये जाऊन पडतंय. संध्याकाळी एकेक फाइल ओढून फोल्डरमध्ये टाकत बसतो. पोरगा म्हणतो कमांडनं एका झटक्यात होतंय. खरं काय?
– एक दुकानदार, खानापूर

उत्तर : पोरगा बरोबर बोलतोय, फक्त ते ‘एका झटक्यात’ आहे ना, तिथंच सांभाळायचं.

डाउनलोड्स फोल्डर उघडा, वर फोल्डरचा पत्ता दिसतो त्या पट्टीत क्लिक करून सीएमडी टाइप करा आणि एंटर मारा, काळी खिडकी थेट त्याच फोल्डरवर उघडते. तिथं एमडी लिहून पुढं फोल्डरचं नाव दिलं की फोल्डर तयार. मग मूव्ह, स्टार डॉट पीडीएफ (स्टार म्हणजे कुठलंही नाव) आणि फोल्डरचं नाव, मध्ये एकेक स्पेस, एवढं लिहिलं की सगळ्या पीडीएफ आत जातात. याच ओळी नोटपॅडमध्ये लिहून शेवटी डॉट बॅट असं नाव देऊन सेव्ह केल्या (सेव्ह करताना खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाहीतर मागं डॉट टीएक्सटी चिकटतं) की झाली तुमची स्क्रिप्ट, उद्यापासून नुसतं डबल क्लिक.

आता यातली गोम ऐका. काळ्या खिडकीत हातानं मूव्ह केलं आणि त्याच नावाची फाइल आत आधीच असली तर विंडोज विचारतं, जुनीवर टाकू का म्हणून. पण तीच कमांड बॅट फाइलमधून चालली की काही विचारत नाही, गुपचूप जुनीच्या जागी नवी बसवतं. आणि स्कॅनरचं तुम्हाला माहीतच आहे, बरेच स्कॅनर फोल्डर रिकामा दिसला की नंबर परत पहिल्यापासून सुरू करतात, म्हणजे काल स्कॅन ०००१ नावानं एकाचा उतारा होता, आज त्याच नावानं दुसऱ्याचं राशन कार्ड, आणि संध्याकाळी डबल क्लिक केलं की कालचा उतारा गेला. रिसायकल बिनमध्येपण सापडणार नाही.

म्हणून नुसतं मूव्ह नको, फॉर वापरा. फॉर म्हणजे एकेक फाइल हातात घेऊन काम करणारी कमांड. ओळ अशी होते: फॉर, टक्का-टक्का-एफ, इन, कंसात स्टार डॉट पीडीएफ, डू, इफ नॉट एक्झिस्ट, त्या फोल्डरमधल्या त्याच फाइलचा पत्ता, आणि मग मूव्ह. अर्थ सरळ आहे, तिकडं त्या नावाची फाइल नसेल तरच हलव. बॅट फाइलमध्ये टक्क्याचं चिन्ह दोनदा, काळ्या खिडकीत थेट लिहिताना एकदाच, इथं शंभरातले नव्वद जण अडकतात. आणि फाइलच्या नावाला दोन्ही बाजूंनी अवतरण चिन्ह घालायलाच पाहिजे, कारण गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर ‘पप्पांचा उतारा नवीन’ असलं स्पेसवालं नाव पाठवतंय आणि चिन्ह नसलं की कमांडला त्या तीन वेगळ्या फाइली वाटतात.

पहिल्यांदा चालवताना मूव्हच्या आधी एको हा शब्द घाला आणि शेवटच्या ओळीत पॉज लिहा. मग स्क्रिप्ट काहीच हलवत नाही, काय हलवणार होती ते स्क्रीनवर लिहून थांबते. ते नीट वाचा, पटलं तर एको काढा. माझ्या मते कमांड शिकायच्या आधी हीच सवय लागली पाहिजे, बाकीचं सगळं जमतं.

अजून एक, पीडीएफमधला उतारा कुठला आणि आधार कुठलं हे स्क्रिप्टला कळत नाही, तिला फक्त नाव दिसतं. त्यामुळं स्कॅन करतानाच सेटिंगमध्ये नावाची सुरुवात ठरवून टाका, उताऱ्याला यूटी, आधारला एडी, मग यूटी-स्टार एका फोल्डरला, एडी-स्टार दुसऱ्याला. उताऱ्याच्या नावात सर्व्हे नंबर घालायचा मोह होईल, पण १२३/२ मधली ती तिरकी रेघ विंडोज फाइलच्या नावात चालवून घेत नाही, तिथं आडवी रेघ द्या. आणि काम झाल्यावर लोकांची आधारं महिनोन्महिने ठेवू नका बाबा.

प्रश्न : मी बेळगावात मराठी शाळेत शिक्षिका आहे. वर्गातल्या मुलांचे फोटो काढले, कॅमेऱ्यानं नुसते नंबर दिलेत, मला त्याजागी मुलांची मराठी नावं हवीत. एकीनं बॅट फाइल करून दिली तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली.
– एक शिक्षिका, शहापूर

उत्तर : बाई, याला एक्सेल सगळ्यात बरं. आधी फोटोंच्या फोल्डरमध्ये डीआयआर स्लॅश बी, स्टार डॉट जेपीजी, एवढं लिहा, नुसत्या नावांची यादी येते, ती एक्सेलच्या पहिल्या कॉलममध्ये चिकटवा. दुसऱ्या कॉलममध्ये मुलांची नावं, शेवटी डॉट जेपीजी विसरू नका. तिसऱ्यात फॉर्म्युला करून आरईएन (नाव बदलायची कमांड), जुनं नाव, नवं नाव असं जोडा, अवतरण चिन्हासाठी सीएचएआर आणि कंसात ३४. खाली ओढलं की पूर्ण वर्गाच्या कमांड तयार, त्या नोटपॅडमध्ये टाकून बॅट फाइल करा.

प्रश्नचिन्हं आली कारण फाइल एएनएसआय प्रकारात सेव्ह झाली, त्यात मराठी अक्षरं बसत नाहीत. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा (बीओएमवालं नको, पहिली ओळच बिघडते) आणि सगळ्यात वर सीएचसीपी ६५००१ ही ओळ लिहा. काळ्या खिडकीत अक्षरं मोडकी किंवा चौकोन दिसले तरी घाबरू नका, फोल्डरमध्ये नाव बरोबर येतं. पण ऑफिसमधली नावांची यादी जुन्या नुडीत नाहीतर श्रीलिपीत (ही टायपिंगची सॉफ्टवेअरं) टाइप केलेली असेल तर ते आतून युनिकोड, म्हणजे सगळीकडं चालणारी अक्षरं, नसतं, चिकटवलं की भलतीच अक्षरं येतात, ती आधी बदलून घ्यावी लागणार.

आरईएन दोन फोटोंना एक नाव देत नाही, दुसऱ्याला एरर देऊन पुढं जातं, त्यामुळं एका वर्गात एकाच नावाच्या दोघी असल्या तर आधी हजेरी नंबर घाला. खरा घोटाळा वेगळाच होतो. फोटोच्या दिवशी बारा नंबरचा पोरगा आला नव्हता आणि यादीत त्याचं नाव तसंच राहिलं, की तेरापासून पुढं प्रत्येकाला आधीच्याचं नाव लागतं. बॅट चालवायच्या आधी शेवटचा फोटो आणि शेवटचं नाव जुळतंय का बघा, तिथं जुळलं नाही तर वर कुठंतरी कोणीतरी गैरहजर आहे. आणि हे सगळं फोटोंच्या कॉपीवर करा.

प्रश्न : तंबाखूच्या वखारीत हिशोब बघतो. रोज हिशोबाचा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करायचा सोपा मार्ग?
– निपाणी

उत्तर : रोबोकॉपी, कॉपी करायची कमांड. विंडोजमध्ये आधीपासून असतंच, वेगळं काही घालायला नको. कुठून, कुठं, आणि स्लॅश ई (म्हणजे आतल्या फोल्डरांसकट), एवढंच, बदललेल्या आणि नव्या फाइलीच घेतं म्हणून दुसऱ्या दिवसापासून पटकन आवरतं. हिशोबाचं सॉफ्टवेअर बंद करून मगच चालवा. नाहीतर एखादी फाइल उघडी राहिली तर रोबोकॉपी दर तीस सेकंदांनी परत प्रयत्न करत बसतं आणि ते किती वेळा, तर दहा लाख वेळा, कंपनीनं तसंच ठेवलंय. म्हणून स्लॅश आर कोलन २ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन ५ जोडा, म्हणजे दोनदाच परत प्रयत्न, मध्ये पाच सेकंद थांबून.

कुणी स्लॅश एमआयआर सुचवेल, ते जपून. त्यात जे इकडं नाही ते तिकडूनपण पुसलं जातं. आधी स्लॅश एल लावून नुसती यादी बघा, काय पुसणार तेपण त्यात येतं. आणि पेनड्राइव्हचं अक्षर कधी ई, कधी एफ होतं, तेव्हा डिस्क मॅनेजमेंटमधून त्याला झेड वगैरे लांबचं अक्षर देऊन टाका, म्हणजे कुणाचा लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह लावलेला असताना एमआयआर त्याच्यावर चालायचं नाही.