मानपत्रात काम लिही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

मानपत्राचा तुझा मसुदा वाचला, सोबतची चिठ्ठीही. निवृत्त होणाऱ्या तुमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांबद्दल मनात इतकं असताना कागदावर मात्र सगळ्यांच्याच मानपत्रासारखं मानपत्र का उतरतं, असं तू विचारलं आहेस. 'सेवाव्रती', 'वात्सल्यमूर्ती', 'रुग्णांची माउली' आणि 'त्यागाची अखंड ज्योत' एवढं खोडून बघ. पानावर उरतं नाव, हुद्दा आणि निवृत्तीची तारीख. ती तारीखही सेवापुस्तकावरून तपासून घे. ज्या महिन्यात ५८ पूर्ण होतात त्या महिन्याची अखेर धरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण जन्म १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीसच निवृत्ती येते. हॉल एकदा भलत्याच महिन्यात बुक झाला की मग धावपळ.

तुझी विशेषणं मुख्याध्यापकांनाही चालतील आणि पतपेढीच्या चेअरमनलाही. म्हणजे ती सिस्टरांची नव्हेत. त्यांनी पाळीपाळीला, वॉर्डात, हाताने काय केलं ते लिही. काम लिही.

बेडसोअरपासून, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेपासून, सुरुवात कर. तुमचा मेडिसिन वॉर्ड आहे. पक्षाघाताचे, बेशुद्धीतले पेशंट आठवडेच्या आठवडे पडून असतात. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणजे एका पेशंटमागे दिवसाला बारा वेळा, आणि त्यातल्या सहा वेळा बारा तासांच्या नाइटला असलेल्या एकट्या सिस्टरच्या वाट्याला. तीही पूर्ण कुशीवर नाही. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलतं ठेवायचं, नाहीतर माकडहाडावरचा भार सुटून खुब्याच्या हाडावर येतो. पोटरीखाली उशी देऊन टाचा गादीपासून सुटत्या ठेवायच्या. चादरीला चुणी नको, खालचा मॅकिन्टॉश, म्हणजे रबरी कापड, ओला नको. लाल दिसणारी जागा बोटाने दाबून सोडायची. पांढरी पडून परत लाल झाली तर अजून वेळ आहे, दाबूनही लालच राहिली तर इजा सुरू झाली. सावळ्या कातडीवर ही लाली धड दिसतही नाही, तिथे हात लावून गरम किंवा कडक लागतं का ते बघावं लागतं. त्या जागी चोळायचं तर मुळीच नाही. नातेवाईक मायेने तेल चोळतात, नाहीतर बाजारातून हवेची रिंग आणून माकडहाडाखाली सरकवतात. रिंगेच्या कडेचा दाब भोवतालचा रक्तपुरवठा आणखी तोडतो, म्हणून सिस्टर ती काढायला लावतात आणि नातेवाइकांच्या मनात कठोर ठरतात. तुझ्या 'वात्सल्यमूर्ती'त ही रिंग काढायला लावणारी बाई कुठे आहे?

मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग नोव्हेंबर १९७३ पासून मे २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. स्वतः तिथल्याच परिचारिका. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल दयामरणाच्या प्रश्नासाठी गाजला; आपल्या धंद्यातल्या माणसाला मात्र त्या प्रकरणातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. इतकी वर्षं पडून असलेल्या त्या बाईंच्या अंगावर बेडसोअर नव्हता. दिवसाला बारा या हिशेबाने वर्षाला ४,३८० वेळा कूस बदलणं होतं, आणि तिथे तर नर्सेसच्या पिढ्या बदलल्या. त्यांना कुणी महान म्हणायची गरजच राहत नाही. बेडसोअर नव्हता, एवढं सांगितलं की नर्सिंग जाणणारा माणूस उठून उभा राहतो. असं एक वाक्य तुझ्या सिस्टरांसाठी शोध.

वॉर्डात ते सापडतंच. इन्सुलिन घे. आपल्याकडे एका मिलिलिटरला ४० युनिटची व्हायलही (औषधाची बाटली) येते आणि १०० युनिटचीही. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. लाल सिरिंजमध्ये चुकून १०० चं इन्सुलिन १० च्या रेघेपर्यंत भरलं की पेशंटला २५ युनिट जातात, आणि पहाटे तो घामाने डबडबून बेशुद्ध सापडतो. उलटी चूक झाली तर साखर उतरतच नाही, आणि डॉक्टर डोस वाढवत बसतात. ज्या वॉर्डात दोन्ही प्रकार वेगवेगळ्या खणांत, आपापल्या सिरिंजसकट ठेवले जातात, तिथे ती शिस्त कुणीतरी लावलेली असते. तुमच्या वॉर्डात कुणी लावली, ते विचार.

किंवा साप चावल्याची केस. विष रक्तावर चढलंय का हे बघायला शिरेतलं ताजं दोन मिलि रक्त काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं हात न लावता ठेवतात आणि मग एकदाच कलती करतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष समजायचं. सगळी मदार नळीवर. प्लास्टिकची नळी घेतली, किंवा काचेचीच पण साबणाने धुतलेली घेतली, तर निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही आणि नको असताना एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू होतं. त्या औषधाची रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते. म्हणून कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळ्या पावसाळ्याआधी इन्डेंट करून, म्हणजे स्टोअरकडून मागवून, वेगळ्या डब्यात ठेवाव्या लागतात. एएसव्हीची पावडर विरघळवताना व्हायल तळहातात हळू फिरवायची, खळखळ हलवली की फेस होतो. नव्या मुलींना हे पुस्तक सांगतं. रात्री दोन वाजता डबा जागेवर असणं मात्र इन्चार्ज सिस्टरांचं काम. ते लिही.

सिस्टरांना स्वतःला विचारायला जाऊ नकोस. 'आम्ही काय जगावेगळं केलं' म्हणतील आणि चहा पाजून परत पाठवतील. वॉर्डातल्या मदतनीस मावशींना विचार, मामांना विचार, बदली होऊन गेलेल्या जुन्या स्टाफला फोन कर. 'सिस्टर कशा होत्या?' असं विचारलंस तर 'फार प्रेमळ' एवढंच उत्तर येईल. सिस्टर कशावरून ओरडायच्या, ते विचार. माणूस ज्यावर ओरडतो तेच तो राखत असतो. ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला द्यायची पेशंटची माहिती, टेबलाशी बसून दिली म्हणून ओरडायच्या, खाटेपाशी उभं राहून द्या म्हणायच्या? मग त्यांच्या वॉर्डात सलाइनची बाहेर गेलेली सुई आणि भरलेली युरिन बॅग पाळी बदलतानाच सापडत असणार. घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा रोज लावून बघितला नाही म्हणून? बॅटरी हँडलमध्येच गळते, आणि ते श्वासाची नळी टाकायच्या वेळी कळतं. बदलीचा ऑक्सिजन सिलिंडर तयार नव्हता म्हणून? मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर असतो, मिनिटाला दहा लिटरच्या वेगाने साडेअकरा तास पुरतो. लहान बी टाइपमध्ये १,५००, म्हणजे अडीच तास. एक्स-रेला पेशंट पाठवताना हा भागाकार मनात करणारी सिस्टर असते, म्हणून लिफ्ट अडकली तरी पेशंट वाचतो.

आता 'त्याग'. या शब्दावर माझा राग आहे आणि वयाबरोबर तो वाढतोच आहे. चाळीस खाटांना रात्री एक सिस्टर, हा त्याग नव्हे. ती न भरलेली पदं आहेत. तू 'त्याग' लिहिलंस की ज्यांनी पदं भरली नाहीत त्यांना तू टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत बसवतेस. 'वॉर्डात मंजूर पदं इतकी, भरलेली इतकी, तरी दर पाळीचा औषधांचा चार्ट पूर्ण' असं लिही. प्रमुख पाहुणे अस्वस्थ झाले तर होऊ देत. मला हेकट म्हणतात ते यावरूनच. म्हणोत. आमच्या पिढीने एकमेकींना शाली पुष्कळ दिल्या आणि नोंदी जवळजवळ ठेवल्याच नाहीत. म्हणून आज एखाद्या मेट्रनने, म्हणजे हॉस्पिटलच्या मुख्य परिचारिकेने, नेमकं काय बदललं हे सांगायला कागद नाही, भिंतीवर हार घातलेले फोटो आहेत. आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचंही आपण तेच केलं. दर १२ मेला त्यांचा दिवा मिरवतो. पण जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच क्रिमियाच्या युद्धात सैनिक जास्त मेले हे १८५८ मध्ये आकड्यांच्या आकृत्या काढून सरकारपुढे मांडलं, ते कुणी सांगत नाही.

सत्काराच्या नादात त्यांचा चार्ज, म्हणजे ताब्यातलं सामान मोजून सोपवणं, विसरू नकोस, हे मानपत्राहून निकडीचं आहे. वॉर्डाचं डेड स्टॉक रजिस्टर त्यांच्या नावावर आहे. खाटा, लॉकर, सक्शन मशीन, बीपीची यंत्रं, बेडपॅन, चादरी, एकेक ट्रे. वर्षानुवर्षं दुसऱ्या वॉर्डाने नेलेलं परत आलेलं नसतं, मोडकं निर्लेखित, म्हणजे नोंदीतून कमी, झालेलं नसतं आणि धोब्याकडचा हिशेब जुळत नसतो. कमी भरलेलं शेवटी त्यांच्या माथी येतं आणि 'काही देणं बाकी नाही' असं ना-देय प्रमाणपत्र अडतं. दोन महिने आधीपासून आठवड्यातली एक दुपार त्यांच्याबरोबर मोजणीला बस. नेलेल्या वस्तूंच्या पावत्या शोध, मोडक्यांची यादी स्टोअरला दे. पेन्शनचे कागद सहा महिने आधी महालेखापालांकडे जायला हवेत. आस्थापनेतल्या क्लार्ककडे जाऊन ते गेले का ते विचार. शिल्लक अर्जित रजेचं रोखीकरण ३०० दिवसांपर्यंत मिळतं, पण रजेचा हिशेब सेवापुस्तकात भरलेला असेल तरच. जुन्या बदल्यांच्या वेळची पानं कोरी राहिलेली असतात, ती आधी बघ.

कार्यक्रम सकाळी अकराला ठेवू नका, तेव्हा राउंड आणि औषधं असतात आणि ज्यांच्यासाठी सिस्टर सिस्टर आहेत त्यांतलं कुणीच येऊ शकणार नाही. दोनची ओव्हर होऊ दे, अडीचला सुरू करा. सकाळचा स्टाफ थांबेल, रात्रीच्या मुलींची थोडी झोप झालेली असेल. मावशींना पाहुण्यांच्या आधी बोलू दे, नंतर ठेवलंत तर वेळ संपला म्हणून त्यांना गाळतील. मानपत्र एका पानाचं, मोठ्याने वाचायला तीन-चार मिनिटांचं. वाचणाऱ्याला औषधांची नावं आधी म्हणायला लाव, अडखळला की हसू होतं.

मसुदा बुधवारपर्यंत पाठव. बेडसोअरचा आणि पदांचा आकडा रजिस्टरमधूनच घे, आठवणीतून नको. इन्सुलिनचे खण खरंच त्यांनीच वेगळे केले का, हे दोघींकडून तरी खात्री करून घे, नाहीतर ते वाक्य काढून टाक.

तुझ्या,
ट्यूटर मॅडम