भाच्याला इनडोअर फुटबॉलचा करार मिळतोय. यात करिअर होतं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाचा अमेरिकेत चार वर्षं कॉलेजकडून फुटबॉल (तिथला, हातात चेंडू धरून पळायचा) खेळला, एनएफएल या तिथल्या सगळ्यात मोठ्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, नाव आलं नाही, आता एका इनडोअर, म्हणजे बंदिस्त हॉलमध्ये खेळणाऱ्या संघाने बोलावलंय आणि घरचे म्हणताहेत खूळ पुरे झालं, नोकरी धर. पैसे किती मिळतात आणि करिअर होतं का, असं तुम्ही विचारलंय.

पैसे मिळत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल. या इनडोअर खेळातली सगळ्यात मोठी लीग म्हणजे अरिना फुटबॉल लीग होती. 1987 साली चार संघांवर सुरू झाली, 2009 चा हंगाम रद्द झाला, 2010 मध्ये पुन्हा उभी राहिली. तेव्हा खेळाडूला एका सामन्याचे 400 डॉलर मिळायचे. हंगामात सोळा सामने, म्हणजे 6,400 डॉलर. त्याच वर्षी एनएफएलमधल्या अगदी नवख्याचा किमान पगार 3,25,000 डॉलर होता. 2012 मध्ये मानधन वाढवून मागितलं म्हणून ऑर्लँडोतल्या पहिल्या सामन्याच्या दिवशी पिट्सबर्गच्या खेळाडूंना मालकाने सामन्याआधीच्या जेवणावरच काढून टाकलं. 2019 मध्ये लीग दिवाळखोरीत गेली. ही वरच्या पायरीची गोष्ट. खालच्या लीगमध्ये याहून कमी मिळतात. हंगामापुरतं राहायला घर देतात, कुठे एखादं हॉटेल जेवण घालतं.

आता मी हे का लिहितोय ते.

2011 पासून मी आयोवात, डे मॉइनला राहतो. विमा कंपन्यांचं शहर आहे, आपली बरीच मंडळी इथे सॉफ्टवेअरमध्ये आहेत. आमच्या अपार्टमेंटमध्ये समोरच्या दारात एक तरुण राहायचा, चोवीस-पंचवीसचा. पहाटे चारला गोदामात ट्रक उतरवायला जायचा. दुपारी पार्किंगमध्ये पायाला रबरी पट्टा बांधून आडव्या उड्या मारत असायचा. एकदा विचारलं तेव्हा कळलं, तीन तासांवरच्या एका गावातल्या इनडोअर संघात तो बचावात खेळतो. सामन्याला दोनशे डॉलर. आणि निवड चाचणीला बसायची फी त्याने स्वतःच्या खिशातून भरली होती.

त्याने तिकीट दिलं म्हणून एका शनिवारी गेलो. हॉल आइस हॉकीचा. खाली बर्फ तसाच, त्यावर पाट्या, पाट्यांवर हिरवा गालिचा. मैदान पन्नास यार्डांचं, म्हणजे बाहेरच्याच्या निम्मं, रुंदीलाही जवळजवळ निम्मं. एका बाजूला आठच माणसं. आणि बाहेर जायला जागा नाही, कडेला फोम लावलेली भिंत. बाहेरच्या फुटबॉलमध्ये खेळाडू रेषेबाहेर पाऊल टाकून वाचतो. इथे भिंत आणि माणूस यांच्यामध्ये सापडतो.

मी कबड्डी खेळलेला माणूस आहे. पहिल्या पाच मिनिटांत अंगावर काटा आला. ही कोपऱ्यातली पकड होती! लहान अंगण, पळायला वाव नाही, समोरच्याच्या कंबरेवर नजर, पायाच्या अंगठ्यावर वजन. विचार करायला वेळच नाही. दुसऱ्या सत्रात आमचा शेजारी चेंडूवर झेपावला आणि भिंतीवरून थेट आमच्या रांगेत आला. माझ्या पायाशी पडला. चेंडू हातात. उठला, माझ्या खांद्याला धरून तोल सावरला आणि भिंतीवरून उडी मारून परत गेला. सामना संपल्यावर सगळे खेळाडू मैदानावरच थांबले, पोरं खाली उतरून सह्या घेत होती. त्याची आई लांबून बस करून आली होती. ती बाजूला उभी राहून नुसती बघत होती.

ते बघताना मला आमचा एसटी स्टँड आठवला.

1993 साली मी अकरावीत होतो. वाळवा तालुक्यातलं आमचं गाव, कबड्डी घराघरात. मी डावा कोपरा. जिल्ह्याच्या कुमार संघात निवड झाली, पहाटेच्या गाडीने निघायचं होतं. पिशवी घेऊन स्टँडवर पोचलो तर मास्तर म्हणाले, "अरे, तुझा भाऊ काल येऊन नाव काढून गेला. तुला सांगितलं नाही का?" दादाने मला विचारलंही नव्हतं. वडील गेल्यावर घर त्याच्यावर होतं, हे मला मान्य आहे. त्यानंतर मी शिकलो, नोकरी लागली, घर झालं. पण मी किती चांगला खेळलो असतो, हे मला आजही माहीत नाही. कदाचित राज्य पातळीवर पहिल्याच फेरीत उघडा पडलो असतो. तेही चाललं असतं.

त्या रात्री फोनवर दादाला शेजाऱ्याचं सांगितलं. तो म्हणाला, "दोनशे डॉलरसाठी हाडं मोडून घ्यायची? त्याच्या घरी कुणी मोठं माणूस नाही का?" आमचं त्यावरून कडाक्याचं वाजलं. आणि 2014 च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, राकेश कुमारला पाटण्याने 12 लाख 80 हजारांना घेतलं, तेव्हा हाच दादा रोज रात्री टीव्हीसमोर. मला फोन करून पकडी समजावून सांगायचा. त्या पहाटेबद्दल मात्र एक शब्द नाही.

तुमच्या घरचे चुकताहेत असं मला वाटतं, ते यामुळे. पैशाचा हिशोब त्यांचा बरोबर आहे. पण थांबायचं कधी हे खेळणाऱ्याने ठरवावं. आमचा शेजारी चार हंगाम खेळला. एक संघ हंगामाच्या मध्येच बंद पडला, शेवटचे दोन चेक त्याला कधीच मिळाले नाहीत. खांद्याची शस्त्रक्रिया झाली. मग एके दिवशी त्याने स्वतः सांगितलं, "आता वेग राहिला नाही, दोन पावलं मागे पडतोय." आणि सोडलं. आज शाळेत पीटीचा शिक्षक आहे, मुलांना फुटबॉल शिकवतो. कडवटपणा अजिबात नाही. मी त्याच्या जागी असतो तर असं म्हणायची मला संधी मिळाली असती.

एनएफएलची आशा मात्र भाच्याला दाखवू नका. कर्ट वॉर्नरची गोष्ट इथे प्रत्येक जण सांगतो: सीडर फॉल्सच्या दुकानात ताशी साडेपाच डॉलरवर सामान लावणारा मुलगा, 1995 ते 97 आमच्या इथल्या बार्नस्टॉर्मर्स या अरिना संघाकडून खेळला आणि 1999 च्या हंगामात थेट एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू. खरी आहे. पण तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा होता, आणि वर जाऊन नाव काढलेले असे मोजकेच. मला फ्रेड जॅक्सन जास्त जवळचा वाटतो. सीडर रॅपिड्सच्या छोट्या कोए कॉलेजचा. त्यालाही ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. सू सिटीच्या इनडोअर संघात खेळला, मग युरोपात खेळला, आणि 2009 मध्ये बफेलोकडून एकाच हंगामात चेंडू घेऊन हजार यार्ड धावणारा आणि समोरच्यांची किक झेलून आणखी हजार यार्ड परत धावणारा एनएफएलमधला पहिला खेळाडू ठरला. तोही अपवादच. जे ग्रुडेन वेगळ्या वाटेने गेला. टँपाच्या अरिना संघाकडून खेळून चार वेळा अरिना बोल, म्हणजे त्या लीगचं अजिंक्यपद, जिंकला, मग प्रशिक्षक झाला आणि 2014 मध्ये वॉशिंग्टनच्या एनएफएल संघाचा मुख्य प्रशिक्षक. करिअर म्हणायचं तर ते या बाजूने होतं: शिकवणं, शाळा, कॉलेज. त्यासाठी हातात पदवी हवी, ती त्याने पूर्ण केली आहे ना ते बघा.

डोक्याच्या दुखापतीचं मी वर काही लिहिलं नाही, पण ते सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. खांदा दुरुस्त होतो. एकदा जरी डोकं बधिर झालं, गरगरलं, तरी त्याने लपवायचं नाही. लपवण्याचा मोह या खेळात फार, कारण बाकावर बसलं की जागा जाते. कराराची प्रत सही करण्याआधी मागून घ्या. जखमी झाल्यावर उपचाराचा खर्च कोण देणार, घर हंगाम संपल्यावर किती दिवस राहील, संघ बंद पडला तर बाकी पैशांचं काय, हे कागदावर असलं पाहिजे. तोंडी आश्वासनावर शेजाऱ्याचे दोन चेक गेले.

आणि भाचा तिथला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल, विद्यार्थी व्हिसावर असेल, तर परवानगीशिवाय मानधन घेऊन खेळणं बेकायदा ठरतं. वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नये.

तो कुठल्या जागी खेळतो ते तुम्ही लिहिलं नाही. पंटर, म्हणजे चेंडू लाथेने लांब मारून समोरच्यांना देणारा, असेल तर इनडोअरमध्ये पंट नसतोच, बोलावलंय कशाला ते आधी विचारा. रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) किंवा कॉर्नर (त्याला अडवणारा) असेल तर मला कळवा. शेजाऱ्याचा नंबर आहे माझ्याकडे, तो बोलेल त्याच्याशी.