दाढ दुखायची थांबली, तरी रूट कॅनाल कशाला?

तुम्ही लिहिलंय की खालची डावी दाढ पंधरा दिवस ठणकत होती, पाच दिवस अँटिबायोटिक घेतल्यावर थांबली, आता गरम-थंड काहीच जाणवत नाही. तरीही डॉक्टर म्हणतात, रूट कॅनाल करा नाहीतर दाढ काढा. दुखत नाही तर करायचं कशाला, असा तुमचा प्रश्न आहे.

मी गेली अठरा वर्षं तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवतोय. तुमची दाढ मी पाहिलेली नाही, त्यामुळे निदान तुमचे डॉक्टरच करतील. पण 'गरम-थंड काहीच जाणवत नाही' हे वाचून मला हायसं वाटलं नाही, काळजी वाटली. इतकी ठणकणारी दाढ अशी एकाएकी गप्प झाली, तर बहुतेक वेळा तिच्यातली नस मेलेली असते.

आपण जिला नस म्हणतो तो दाताच्या पोटातला मऊ गाभा. त्यात रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात, आणि तो मुळांतल्या बारीक नळ्यांमधून थेट टोकापर्यंत गेलेला असतो. पाय मुरगळला तर सूज यायला कातडी ताणते. दाताच्या आत चहूबाजूंनी टणक भिंती, सुजेला जागाच नाही. म्हणून तो ठणका असा जीवघेणा असतो, आणि आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढून आणखी वाढतो. "डॉक्टर, रात्रभर उशीला टेकून बसून काढली" असं पेशंट म्हणाला की तोंड उघडण्याआधीच मला अंदाज येतो. गार पाण्याची कळ लगेच गेली तर नस वाचू शकते, कीड काढून सिमेंट भरलं की भागतं. कळ बराच वेळ रेंगाळत असेल तर सहसा ती वेळ टळलेली असते.

नस मेली की दुखणार कोण? पण जंतू तिथेच राहतात, मेलेल्या गाभ्यावर वाढतात आणि मुळाच्या टोकाच्या छिद्रातून जबड्याच्या हाडात उतरतात. एक्स-रेवर मुळाशी काळसर डाग दिसतो ना, तिथलं हाड विरलेलं असतं. औषध पोचतं रक्तातून, आणि मेलेल्या नसेत रक्त जातच नाही. गोळ्यांनी बाहेरची सूज ओसरते, आतला साठा हलत नाही. जंतूंचा वाटा केवढा, हे 1965 साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेरल्ड यांनी उंदरांवर दाखवलं. जंतूविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढा नसेपर्यंत उघड्या केल्या, आत अन्न अडकलं, तरी नस जगली आणि तिने वर नवा कठीण थर धरला. साध्या उंदरांमध्ये नस मेली, पू झाला.

म्हणून रूट कॅनाल म्हणजे मुख्यतः साफसफाई, आणि तीच वेळ खाते. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा दोन मुळं आणि तीन नळ्या असतात, कधी चार. एक नळी सुटली तरी जंतूंना घर मिळालं. दाढ बधिर करून वरून छिद्र पाडतात, अगदी बारीक फायलींनी, म्हणजे सुईसारख्या कानशींनी, प्रत्येक नळी टोकापर्यंत घासतात आणि सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने पुन्हा पुन्हा धुतात. सगळं स्वच्छ, कोरडं झालं की गटापर्चा भरतात. हा मलायातल्या एका झाडाच्या चिकापासून मिळणारा पदार्थ. दाताभोवती रबराचा पडदा लावणार का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. त्याला रबर डॅम म्हणतात. तो 1864 पासून वापरात आहे आणि थुंकीतले जंतू आत जाऊ देत नाही. जंतुसंसर्ग झालेल्या जागी भुलीचं इंजेक्शन कमी चढतं, तेव्हा दुखलं तर सोसू नका, हात वर करा, आणखी देता येतं. नंतर दोन-तीन दिवस चावताना ठुसठुसतं, ते चालतं.

एक पेशंट मला विसरता येत नाहीत. पहिल्या सिटिंगला नस काढली, ठणका गेला, आणि ते ऊसतोडीला निघून गेले. वर तात्पुरतं सिमेंट होतं, ते काही आठवड्यांपुरतंच टिकतं. आठ महिन्यांनी आले तेव्हा दाढ मुळापर्यंत उभी चिरलेली होती, काढावीच लागली. 'दुखणं गेलं तरी काम अर्धंच झालंय' हे मी त्यांना जायच्या आधी नीट सांगायला हवं होतं. तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो, तुम्हालाही सांगतो: सगळ्या सिटिंग पूर्ण करा आणि दाढेवर कॅप बसवा. आतून पोखरलेली दाढ भाकरीच्या कडक तुकड्यानेसुद्धा फुटते.

दाढ काढणं कधी बरोबर? ती मुळात चिरली असेल किंवा हिरडीच्या वर काही उरलंच नसेल, तेव्हा. एरवी वाचवावी असं माझं ठाम मत आहे. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरची दाढ खाली उतरते, आणि नंतर ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने पक्का दात, बसवायचा तर ते चांगले दात घासावे लागतात. पैशांची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार होतात, खर्च खूप कमी येतो. वेळ मात्र काढावा लागेल.

तोवर हिरडीवर मिशरी लावू नका, उरलेल्या गोळ्या मनानं घेऊ नका. आणि जबड्याखाली किंवा गळ्याला सूज आली, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर दाताच्या दवाखान्याची वेळ बघत बसू नका. त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा.