‘हॅव बीन’ मराठीत कुठे जातं?

प्रश्न असा: ‘आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स’ हे चूक का, आणि ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स’ला मराठीत म्हणायचं काय?

साधं ‘मी दोन तासांपासून वाट पाहतोय’. क्रियापद आत्ताचंच, मागचे दोन तास सांगायचं काम एकट्या ‘पासून’वर. इंग्रजीत ते क्रियापदालाही दाखवावं लागतं, म्हणून ‘हॅव बीन’. आपण मराठी वाक्य तसंच उतरवतो आणि फसतो. जर्मन माणसंही इथेच अडखळतात, कारण त्यांचा ‘झाइट’ (seit) हा शब्द आपल्या ‘पासून’सारखाच वागतो.

‘सिन्स’चा घोळही ‘पासून’चाच. आपल्याला ‘सोमवारपासून’ चालतं आणि ‘तीन दिवसांपासून’ही. इंग्रजीत सोमवारला ‘सिन्स’, तीन दिवसांना ‘फॉर’.

शाळेत ‘हॅव बीन वेटिंग’सारख्या रूपाला चालू पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात आणि भाषांतर ‘करत आलो आहे’ असं शिकवतात. हे रूप मराठीत आहे, पण वर्षानुवर्षं टिकलेल्या गोष्टीसाठी: ‘मी हेच सांगत आलोय.’ ‘दोन तासांपासून वाट पाहत आलो आहे’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला वाटेल, हा वाट पाहत पाहत चालत आला की काय!

खरी गंमत वेगळीच आहे. समोरच्या मुलीचे डोळे लाल दिसले की इंग्रजीत विचारतात, ‘हॅव यू बीन क्रायिंग?’ रडणं तर थांबलंय. मग ‘रडते आहेस का?’ हे भाषांतर साफ चुकतं. आपण म्हणू, ‘रडत होतीस का?’ किंवा नुसतं ‘रडलीस वाटतं?’ रस्ता ओला दिसला की ‘इट हॅज बीन रेनिंग’. आपलं ‘पाऊस पडून गेलेला दिसतोय’. क्रिया संपली, खूण उरली. ती खूण इंग्रजी ‘हॅव बीन’मधून सुचवते, आपण ‘वाटतं’, ‘दिसतोय’ यांतून. मला आपली सोय जास्त आवडते, पण ते असो.

‘मी त्याला दहा वर्षांपासून ओळखतो’ला मात्र ‘हॅव नोन’. ‘हॅव बीन नोइंग’ नाही. आपणही इथे सहसा ‘ओळखतोय’ म्हणत नाही. तरी मराठीत ‘-तो’ येतं की ‘-तोय’, यावरून इंग्रजी रूप ठरवायला फार जाऊ नका. ‘पाच वर्षांपासून इथे राहतो’ असंही आपण म्हणतोच, आणि त्याला ‘हॅव लिव्ह्ड’ व ‘हॅव बीन लिव्हिंग’ दोन्ही चालतात.