तुमचे प्रश्न: बिस्त्रो एकच, पत्रं मात्र दोन तऱ्हांची

मार्चच्या अंकात मी पॅरिसमधल्या एका छोट्या बिस्त्रोबद्दल, म्हणजे तिथल्या साध्या रेस्टॉरंटबद्दल लिहिलं होतं, बारा-चौदा टेबलं, खडूने लिहिलेला मेन्यूचा फळा, आणि तिथली दुपार मला किती आवडली ते. नाव तेव्हाही छापलं नव्हतं आणि आताही छापत नाही, ज्यांनी विचारलं त्यांना पत्ता कळवला होता. आता तिकडून जाऊन आलेल्यांची पत्रं आलीत, निम्मी खुशीची, निम्मी वैतागाची. सगळी वाचली, काही दोनदा. उत्तरं देतेय.

प्रश्न: ताई, तुमच्या भरवशावर आम्ही दोघं गेलो. रिकामं टेबल दिसलं म्हणून बसलो तर वेटरने उठवलं, दुसरीकडे बसवलं, मग ऑर्डर घ्यायला वीस मिनिटं. जेवण झाल्यावर अर्धा तास नुसते बसलोय पण बिल काही येईना. शेजारच्या टेबलावर मात्र तो हसून गप्पा मारत होता. आमच्याशी मुद्दाम असं वागला का? गाईड तर म्हणाला होता की बिस्त्रो म्हणजे झटपट!

उत्तर: आधी त्या झटपटचं सांगते. १८१४ मध्ये रशियन सैनिक पॅरिसमध्ये होते, ते 'बिस्त्रो, बिस्त्रो' म्हणजे लवकर लवकर असं ओरडायचे आणि त्यावरून हे नाव पडलं, अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. पण फ्रेंच लिखाणात हा शब्द दिसतो तो थेट १८८० नंतर, म्हणजे मधली सत्तर वर्षं कुणी वापरलाच नाही असं मानावं लागेल, म्हणून भाषेचे अभ्यासक ही गोष्ट खरी धरत नाहीत. तेव्हा झटपटची अपेक्षा सोडाच.

आता बिलाचं. तिथे मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत, कारण न मागता बिल ठेवणं म्हणजे चला उठा आता असं म्हणण्यासारखं होतं. टेबल एकदा तुमचं झालं की ते तुमचंच, कॉफी संपली तरी. तुम्ही तो अर्धा तास ताटकळलात आणि तो बिचारा तुम्हाला निवांत बसू देत होता, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण हे मी लेखातच लिहायला हवं होतं. त्याच्याकडे बघून 'लादिस्यों, सिल व्हू प्ले' म्हणायचं, बास.

आता बसण्याचं. आधी दाराशी थांबायचं, 'बाँझूर' म्हणजे नमस्कार म्हणायचं, किती जण ते सांगायचं आणि तो दाखवेल तिथे बसायचं. बाँझूर न म्हणता थेट बसलं किंवा थेट मागायला सुरुवात केली की त्यांना ते उद्धट वाटतं, अगदी मनापासून लागतं. रिकामं टेबल बहुतेक बुक केलेलं असतं. शेजारचे बहुधा रोजचे गिऱ्हाईक असणार. आणि वेळेचं म्हणाल तर दुपारी स्वयंपाकघर साधारण बारा ते दोन चालतं आणि एक वाजता सगळे एकदम येतात, एवढ्या टेबलांना वेटर एक नाहीतर दोन, त्यामुळे सव्वाबाराला गेलात तर तोच माणूस वेगळा वाटेल.

पण तुम्हाला उठवताना चार शब्द नीट बोलला असता तर काय बिघडलं असतं? ते चुकलंच त्याचं, रिवाजाच्या नावाखाली मी ते झाकणार नाही.

प्रश्न: आम्ही 'मेन्यू' मागितला तर वेटर गोंधळला. मग 'आंत्रे'मधून एक एक डिश घेतली, ती एवढीशी आली. पोटच भरलं नाही.

उत्तर: आंत्रे म्हणजे तिथे स्टार्टर. अमेरिकेत तोच शब्द मेन कोर्सला वापरतात, म्हणून खूप जण फसतात. मुख्य डिश म्हणजे 'प्ला'. आणि 'मेन्यू' म्हणजे ठरलेल्या किमतीत स्टार्टर, मेन, डेझर्ट असं पूर्ण जेवण, आपण ज्याला मेन्यूकार्ड म्हणतो ते 'कार्त'. दुपारी फळ्यावर 'फॉर्म्युल' दिसलं तर तेच घ्या, त्यात बहुतेक दोन पदार्थ असतात आणि सुटं सुटं घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

प्रश्न: घरातले पाचही जण शाकाहारी. कांद्याचं सूप निर्धास्त मागवलं, अर्धं संपल्यावर कळलं की त्यात बीफचा स्टॉक आहे. सासूबाई त्या दिवशी नंतर काही जेवल्याच नाहीत. तुम्ही आधी सांगायला नको होतं का?

उत्तर: हो, सांगायला हवं होतं. सासूबाईंची मी मनापासून माफी मागते, त्यांनाही सांगा.

तिथलं कांद्याचं सूप बहुतेक ठिकाणी बीफ स्टॉकवरच असतं. मसूरच्या सॅलडमध्ये, किश म्हणजे अंडं-क्रीमच्या खाऱ्या पायमध्ये बरेचदा बेकनचे बारीक तुकडे असतात आणि नुसतं 'मांस नको' म्हटलं तर काही जण ते तुकडे किंवा मासे त्यात धरतच नाहीत, म्हणून 'नी व्हियांद, नी प्वासों' म्हणजे मांसही नको, मासेही नको असं स्पष्ट सांगा आणि वर बेकन नाही ना ते परत विचारा. बकरीच्या दुधाचं गरम चीज घातलेलं सॅलड, दुधाक्रीमातले भाजलेले बटाटे म्हणजे ग्रातँ दोफिन्वा, हे बरेचदा मिळतं. अंडं चालत असेल तर अंडं-मेयोनीज, अगदी बिस्त्रोचाच पदार्थ. चीजबद्दलही एक सांगून ठेवते, कोंतेसारखी जुन्या पद्धतीची चीज वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, घालून बनवतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी जपून.

खरं सांगायचं तर पाच कडक शाकाहारी माणसांनी फळ्यावर चारच मेन कोर्स असलेल्या बिस्त्रोत जाऊ नये असं माझं मत झालंय. पॅरिसमध्ये शाकाहारी रेस्टॉरंट्स चांगली आहेत, तिकडे जा.

प्रश्न: नवऱ्याने स्टेक तार्तार मागवला, तो कच्चाच आला! परत करायचा का?

उत्तर: नाही हो, तो पदार्थच कच्च्या बारीक चिरलेल्या बीफचा, बरेचदा वर कच्चं बलक. साधा स्टेक घेतला तर पूर्ण शिजलेला हवा म्हणून 'बियाँ क्वी' सांगायचं, कारण मध्यम म्हणून मागितलेला 'आ प्वाँ'सुद्धा आतून बराच गुलाबी असतो.

प्रश्न: वेटर म्हणाला सर्व्हिस बिलात धरलेली नाही, आणि कार्ड मशीनवर १० टक्के, १५ टक्के असे पर्याय पुढे केले. आम्ही १५ दाबले. शिवाय पाणी मागितलं तर बाटली आणली आणि तिचे वेगळे पैसे. बरोबर आहे का हे?

उत्तर: नाही, सर्व्हिसचं अजिबात बरोबर नाही. फ्रान्समध्ये १९८७ पासून नियम आहे की छापलेल्या किमतीत टॅक्स आणि सर्व्हिस दोन्ही धरलेली असली पाहिजे. टीप म्हणजे खुशी, आवडलं तर एक-दोन युरोची नाणी टेबलावर ठेवतात, नाही ठेवली तरी कुणी काही म्हणत नाही. मशीन पुढे आलं तर शून्य दाबा, लाजू नका.

पाणी नुसतं मागितलं की बाटली येते. 'युन काराफ दो' म्हणायचं, म्हणजे नळाच्या पाण्याचा जग, आणि जेवणाबरोबर तो फुकट, ब्रेडही फुकट. १ जानेवारी २०२२ पासून तर पाणी फुकट मिळतं हे रेस्टॉरंटने लावून ठेवायलाच हवं.

सर्व्हिसची हीच तक्रार आणखी एका पत्रात आहे, त्याच जागेची. एकदा झालं असतं तर मी भाषेचा घोळ समजले असते. दोनदा परक्या माणसाला तेच खोटं सांगितलं जातं तेव्हा स्वयंपाक कितीही सुरेख असो, आजपासून मी त्या जागेचा पत्ता कुणाला देणार नाही.

प्रश्न: आम्हाला तर तिथे स्वर्ग सापडला! तासन् तास शिजवलेलं बीफ, वाटीतलं चॉकलेट मूस, वेटरने स्वतः फळा उचलून खुर्चीवर ठेवून एकेक पदार्थ समजावला. डिसेंबरमध्ये परत जातोय. अशी दुसरी जागा कशी ओळखायची?

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला माझीच दुपार आठवली, आणि ती खोटी नव्हती याचा आनंद झाला. फळा छोटा हवा, पदार्थ रोज बदलणारे. सहा भाषांतला, फोटोवाला मेन्यू दिसला की पुढे चला. 'फे मेजों' असं लिहिलेलं, वर छप्पर असलेल्या पातेल्याचं चिन्ह बघा, ते २०१४ मध्ये आलं, कच्च्या मालापासून तिथेच शिजवलेलं असा त्याचा अर्थ. कच्चा माल फ्रोझन असलेला चालतो, तेवढं लक्षात ठेवा. थोडा जास्त खर्च चालणार असेल तर 'बिस्त्रोनोमी' म्हणतात त्या जागा शोधा, १९९२ मध्ये इव्ह काँदबोर्द या शेफने मोठ्या हॉटेलची नोकरी सोडून 'ला रेगालाद' हे साधं बिस्त्रो काढलं तिथून ती लाट आली, मोठ्या शेफच्या हातचं जेवण पण पांढऱ्या टेबलक्लॉथचा थाट नाही.

रविवार-सोमवार बरीच छोटी बिस्त्रो बंद असतात, नाताळच्या आसपासही, तेव्हा आधी फोन करा. काहीच उघडं सापडलं नाही तर पॅरिसच्या ग्राँ बुलव्हार भागाजवळचं 'बुयों शार्तिये' हे रेस्टॉरंट, १८९६ पासूनचं, रोज उघडं असतं. रांग लागते पण सरकते भराभर, आणि बिल कागदी टेबलक्लॉथवरच पेनाने लिहून देतात.