बालवर्ग हाती घेताना

अगं, पहिले दोन रविवार काही शिकवू नकोस, नुसती बघत बस. आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारातली मुलं जमली की सतरंजी कोण उचलतं, प्रसादाच्या वाट्या कोण भरतं? कुणी सांगितलेलं नसतं, तरी मुलग्यांचं काम, मुलींचं काम अशी वाटणी ठरलेली. भाषाही बघ. आधी ‘ते बाळ’, मग हळूच ‘तो’ नाहीतर ‘ती’, आणि त्यासरशी झबल्याचा रंगही बदलतो.

मंगळागौरीच्या तालमीत पिंगा घालायला आलेल्या एका सात वर्षांच्या पोराला मीच एकदा म्हटलं, “तू लेझीम घे जा.” तो पुन्हा आलाच नाही. अजून खुपतं.

‘पहिल्यापासून असंच आहे’ म्हणणाऱ्या पालकांशी वाद नको, बडोद्याचाच दाखला दे. सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पण मुलग्यांना ७ ते १२ आणि मुलींना ७ ते १० वर्षं! एवढा पुढारलेला कायदा, तोही मुलींची दोन वर्षं कापतो. आणि सयाजीरावांच्याच पत्नी चिमणाबाई पडदा सोडून १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष होतात.

बरं, नाटुकल्याच्या भूमिका चिठ्ठ्या टाकून वाट. राजाची चिठ्ठी मुलीला निघाली, तर मिशांचा डबा माझ्याकडे आहे. घेऊन जा.